सतराव्या शतकातलं इंग्लिश कक्षसंगीत जुन्या वाद्यांवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मैफलीनंतर विचारले जातात, तालमीच्या आधी विचारले जातात, आणि कधी नुसत्या उत्सुकतेपोटी. उत्तरं एका वादकाची आहेत, त्यामुळे मतं हातचं न राखता दिली आहेत.

या संगीतात नेमकं काय काय येतं?

ढोबळ मानाने एका टोकाला जॉन डाउलंड आणि दुसऱ्या टोकाला हेन्री पर्सेल. डाउलंडचं पहिलं गीतपुस्तक १५९७ सालचं, तेव्हा तो जरा आधीच दारात उभा आहे. पर्सेल १६९५ मध्ये गेला. मधल्या शंभर वर्षांत ऑर्लँडो गिबन्स, जॉन जेंकिन्स, हेन्री आणि विल्यम हे लॉझ बंधू, मॅथ्यू लॉक अशी मंडळी आहेत. तीन ते सहा वादकांसाठीच्या फँटेझिया (एकच सुरावट वादकांमध्ये फिरवणाऱ्या मुक्त रचना), नृत्यांवर बेतलेल्या रचना, ल्यूट या बोटांनी छेडायच्या तंतुवाद्याच्या साथीची गाणी आणि एकाच खालच्या सुरावटीवर रचलेल्या बदलत्या लयीच्या करामती हा मुख्य ऐवज.

या शतकाच्या पोटात यादवी युद्ध आहे, हे विसरून चालत नाही. १६४२ मध्ये नाट्यगृहं बंद झाली, १६४९ मध्ये पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद झाला आणि राजेशाही परत आली ती थेट १६६० मध्ये. विल्यम लॉझ राजाच्या बाजूने लढताना १६४५ मध्ये चेस्टरजवळ मारला गेला. दरबार मोडला तेव्हा दरबारी संगीतकार खेड्यांतल्या जमीनदारांच्या वाड्यांवर गेले आणि संगीत घरात आलं. जेंकिन्सचं बरंचसं आयुष्य अशाच घरांत शिकवण्यात आणि वाजवण्यात गेलं. १५९२ मध्ये जन्मलेला हा माणूस १६७८ पर्यंत जगला.

व्हायोल म्हणजे व्हायोलिनचं जुनं रूप ना?

नाही. गजाच्या वाद्यांची ही दोन्ही कुळं एकाच काळात शेजारी शेजारी नांदत होती. व्हायोलला साधारणपणे सहा तारा असतात, गळ्यावर बांधलेले सात पडदे असतात, पाठ बहुधा सपाट असते आणि आकार लहान असो की मोठा, वाद्य मांडीवर किंवा दोन पायांच्या मध्ये उभं धरतात. बास व्हायोलच्या तारा खालून वर डी, जी, सी, ई, ए, डी अशा लावतात. म्हणजे सगळीकडे चौथ्या सुराचं अंतर, फक्त मधोमध सी आणि ई यांच्यात तिसऱ्याचं. ल्यूट वाजवणाऱ्याला ही बोटं आपोआप सापडतात.

खरा फरक गजात आहे. तळहात वरच्या बाजूला ठेवून गज खालून धरायचा आणि मधल्या बोटाने केसांवर दाब देऊन ताण कमीजास्त करायचा. सारंगीवाल्याला ही पकड बघताक्षणी आपली वाटेल. व्हायोलिनवाल्याला मात्र सुरुवातीला सगळं उलटं. व्हायोलिनमध्ये वजन पडतं ते गज खाली ओढताना, व्हायोलमध्ये ते पडतं गज आत ढकलताना. हे अंगात मुरलं नाही तर सूर बरोबर येतात आणि बोलणं मात्र चुकतं.

पडदे लाकडाचे किंवा धातूचे नसतात, तातीचेच गुंडाळून बांधलेले असतात आणि सतारीच्या पडद्यांसारखे सरकवता येतात. त्यांचा उपयोग केवळ सूर सापडायला होतो असं समजू नका. बोट पडद्याला टेकल्यामुळे प्रत्येक सूर मोकळ्या तारेसारखा खुला वाजतो, आणि सहा जण एकत्र वाजवत असताना हा खुलेपणा सोन्याच्या मोलाचा असतो.

तात खरंच आतड्याची असते?

हो, मेंढीच्या. सारंगीच्या मुख्य तिन्ही ताती जशा असतात तशाच. धातूने गुंडाळलेल्या तारांची जाहिरात इंग्लंडमध्ये प्लेफर्ड या संगीत-प्रकाशकाच्या पुस्तकात १६६४ च्या सुमारास दिसते. म्हणजे गिबन्स किंवा विल्यम लॉझ वाजवताना खालच्या तारासुद्धा नुसत्या पीळ दिलेल्या जाड तातीच्या असायला हव्यात. त्यांचा आवाज कमी, पण सुरुवात स्पष्ट आणि पोत किंचित खरखरीत.

ज्यांना प्राणिज तारा नको आहेत त्यांच्यासाठी ल्यूटवर कृत्रिम तारा सर्रास चालतात आणि चांगल्या चालतात. गजाच्या वाद्यावर मात्र अजून मन भरत नाही, निदान माझं.

मुंबईच्या किंवा गोव्याच्या पावसाळ्यात हे टिकतं का?

टिकतं, पण रोज बघावं लागतं. हवेतली ओल तात पिऊन घेते, फुगते, सूर सरकतो, खुंट्या घट्ट बसतात किंवा उन्हाळ्यात सैल होतात. पेटीत आर्द्रता मोजणारं छोटं यंत्र ठेवा, सिलिका जेल ठेवा, वाद्य वातानुकूलित खोलीतून एकदम दमट सभागृहात नेऊ नका. मैफलीच्या जागी लवकर पोहोचा आणि पेटी अर्धी उघडून वाद्याला तिथल्या हवेची सवय होऊ द्या. वरची तात एक जास्तीची जवळ असलीच पाहिजे.

हा त्रास काही आपलाच नाही. केंब्रिजचा ल्यूटवादक थॉमस मेस याने १६७६ च्या आपल्या ग्रंथात ल्यूट ओलीपासून वाचवायचा उपाय सांगितला आहे: रोज वापरात असलेल्या बिछान्यात, पांघरूण आणि घोंगडी यांच्यामध्ये वाद्य ठेवा. पुढे तो बजावतो की ल्यूट आत असताना कुणी धपकन अंग टाकणार नाही याची काळजी घ्या. इंग्लंडची हवा किती वाईट असेल याचा अंदाज यावरून यावा.

तुम्ही नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत का वाजवता?

आजकालचा संकेत असा की ‘ए’ हा सूर ४४० ऐवजी ४१५ हर्ट्झवर धरायचा, म्हणजे अर्धा सूर खाली. हा संकेत विसाव्या शतकातला आहे, सोयीचा आहे, आणि त्यात फार पावित्र्य शोधू नये. सतराव्या शतकात एकच एक पट्टी नव्हती. इंग्लिश चर्चमधले ऑर्गन वरच्या पट्टीत असायचे, घरगुती वाद्यं खालच्या. त्या काळच्या ल्यूटवाल्यांचा सल्ला तर भलताच सरळ होता: वरची तार तुटणार नाही इतपत चढवा आणि बाकीच्या तिच्यावरून लावा.

आणि सूर पियानोपेक्षा वेगळे का लागतात?

हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण इथे आपल्याकडच्या कानाला बाहेरून काही शिकवावं लागत नाही.

पियानोवर सप्तकाचे बारा सारखे भाग केलेले असतात. त्यामुळे त्याचा शुद्ध गंधार खऱ्या, निसर्गतः जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या सुराचे शंभर भाग केले तर त्यातला एक म्हणजे सेंट) चढा असतो. तानपुरा नीट लागला की षड्जाच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याशी पियानोचा गंधार ताडून पाहा, खटकतोच. सतराव्या शतकातल्या कीबोर्डवाल्यांनी वेगळी तडजोड केली. पंचम अगदी किंचित उतरवायचा आणि त्या बदल्यात गंधार स्वच्छ मिळवायचा. या पद्धतीला मीनटोन म्हणतात. त्यात नेहमीच्या पट्ट्या अतिशय गोड लागतात, पण काही दूरच्या पट्ट्या वापरण्याजोग्या राहत नाहीत. संगीतकारांना हे ठाऊक होतं, आणि कधी कधी ते मुद्दाम त्या काट्यांच्या बाजूला जायचे. पर्सेलच्या फँटेझियांमध्ये असे क्षण आहेत जे पियानोच्या स्वरजुळणीत नुसते विचित्र वाटतात आणि मीनटोनमध्ये अंगावर येतात.

व्हायोल आणि ल्यूटवर गुंता वाढतो, कारण एकच पडदा सगळ्या तारांखालून जातो. एका तारेवर तो बरोबर बसला की दुसरीवर चुकतो. मग पडदा थोडा तिरका करायचा, दोन टोकांच्या मधली जागा शोधायची आणि उरलेलं बोटाच्या दाबाने सावरायचं. तालमीचा पहिला अर्धा तास यातच जातो. जो वादक याला वेळेचा अपव्यय समजतो त्याच्याबरोबर कॉन्सोर्ट, म्हणजे समूहवादन, करू नये.

या रचनांमध्ये एकही ‘मुख्य’ वाद्य का ऐकू येत नाही?

कारण त्या ऐकणाऱ्यांसाठी लिहिलेल्याच नाहीत. त्या वाजवणाऱ्यांसाठी आहेत. माझ्या मते या एका गोष्टीतून जुन्या वाद्यांबद्दलचे निम्मे प्रश्न सुटतात.

श्रीमंत घरात एका मोठ्या पेटाऱ्यात व्हायोलचा संच ठेवलेला असे: बहुधा दोन ट्रेबल, दोन टेनर, दोन बास. जेवणानंतर घरचे, पाहुणे आणि शिकवायला ठेवलेला संगीतकार गोल करून बसत. सहा आवाजांच्या फँटेझियात एक सुरावट एकाकडून निघते, दुसरा ती उचलतो, तिसरा तिला वळण देतो. पाचवा अजून गप्प असतो आणि मग नेमक्या जागी आत येतो. प्रत्येकाला काहीतरी सांगायचं असतं. आधुनिक चौकडीत पहिल्या व्हायोलिनकडे झुकतं माप असतं. इथे तसं केलं की रचना कोसळते. व्हायोलचा आवाज लहान आणि एकमेकांत मिसळूनही वेगळा राहणारा आहे, म्हणून सहा आवाज सहाच ऐकू येतात. जुनं वाद्य घ्यायचं ते यासाठी. जुनेपणाच्या कौतुकासाठी घ्यायची गरज नाही.

ऑक्सफर्डमध्ये १६५० च्या दशकात असे साप्ताहिक मेळावे भरत. अँथनी वुड हा तिथला हौशी वादक लिहून गेला आहे की सभ्य माणसं व्हायोल वाजवत आणि व्हायोलिन हे नाचाला साथ करणाऱ्या सामान्य वाजंत्र्यांचं वाद्य समजत. प्रतिष्ठेची अशी चढउतार आपल्याला नवी नाही. सारंगी आणि तबला यांच्याबाबतीत महाराष्ट्राने हेच केलं होतं.

पण संगीत फक्त वाड्यांत होतं असंही नाही. १६६६ च्या आगीत लंडनकर सामानसुमान नावेत टाकून थेम्समध्ये पळत होते, तेव्हा सॅम्युएल पीप्सने रोजनिशीत नोंदवलं की घरातलं सामान भरलेल्या साधारण दर तीन होड्यांमागे एकीत व्हर्जिनल हे छोटं कीबोर्ड वाद्य होतं. घर जळत असताना माणसं कीबोर्ड उचलतात, यावरून त्या शहराबद्दल बरंच कळतं.

वादकांसमोर पूर्ण स्वरलिपी नसते का?

त्या काळी नसायची. प्रत्येकाला फक्त आपल्या आवाजाची पोथी, बहुतेकदा मात्रांच्या उभ्या रेषांशिवाय. दुसरा काय वाजवतोय ते कानांनीच कळायचं. डाउलंडच्या गीतपुस्तकात तर मोठं पान टेबलावर उघडून ठेवायचं आणि चौघांनी चार बाजूंनी बसायचं. प्रत्येकाचा भाग त्याच्याकडे तोंड करून छापलेला आहे. ल्यूटला वेगळी लिपी: सहा रेषांवर अक्षरं, ए म्हणजे मोकळी तार, बी म्हणजे पहिला पडदा, असं पुढे.

आम्ही दोन्ही वापरतो. शिकताना आधुनिक छापील प्रत सोयीची पडते. पण एकदा रचना हाताखालून गेली की मूळ पोथीच्या छायाप्रतीवरून वाजवून बघाच. उभ्या रेषा गेल्या की वाक्यं लांब होतात आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागतात.

गाण्याला साथ कोण करतं?

शतकाच्या सुरुवातीला ल्यूट, सोबत हवं तर बास व्हायोल. पुढे थिओर्बो, म्हणजे लांब मानेचं आणि खालच्या मोकळ्या तारांचं ल्यूट. पर्सेलच्या काळापर्यंत हार्प्सिकॉर्ड हे कीबोर्ड वाद्यही. ल्यूटच्या गाण्यांत साथ सुरासूर लिहिलेली असते. नंतरच्या गाण्यांत फक्त खालची ओळ लिहिलेली असते आणि वरचं वादकाने तिथल्या तिथे रचायचं. व्हायोलच्या कॉन्सोर्टमागे पुष्कळदा छोटा ऑर्गन असे. लॉझ आणि जेंकिन्सच्या रचनांत तो जवळजवळ गृहीत धरलेला आहे.

आवाज कसा लावायचा? ऑपेरासारखा?

मुळीच नाही. ल्यूट हे दहा-बारा फुटांवर ऐकायचं वाद्य आहे. त्याच्यावर मोठा कंपित आवाज टाकला की साथ बुडते आणि शब्दही. आवाज बोलण्याच्या जवळचा, सूर सरळ, आंदोलन हवं तिथेच.

शब्द आधी. गाणं सुरांशिवाय मोठ्याने वाचा, मग अर्थाप्रमाणे श्वास ठरवा. हेन्री लॉझच्या गाण्यांत लय कवितेच्या बोलण्यामागे चालते. मात्रा मोजत गायलात तर ती कोरडी ठणठणीत वाटतात. भावगीत गाणाऱ्याला हा विचार समजावून सांगावा लागत नाही, हा माझा अनुभव आहे.

पुरुषांनी उंच पट्टीत गाण्याची काउंटरटेनर ही पद्धत चर्चच्या गायकवृंदांत टिकून होती. एकल गायनात तिला १९४० च्या दशकात आल्फ्रेड डेलरने पुन्हा मान मिळवून दिला. पण ही गाणी कुठल्याही आवाजाला मोकळी आहेत. पट्टी बदला, ल्यूटवाला कुरकुरेल, तरी बदला.

तेव्हाचे उच्चार करायचे का?

हौस असेल तर. एक गोष्ट मात्र आपल्या फायद्याची आहे: त्या काळात शब्दाच्या शेवटचा ‘र’ उच्चारला जात होता. लंडनचा आजचा गायक तो कष्टाने शिकतो, आपल्याकडे तो असतोच. उलट आपला ट आणि ड मूर्धन्य आहे, जीभ मागे वळते. इंग्लिशमध्ये ती दातांच्या मागच्या हिरडीलाच थांबते. मराठी गायकांच्या ध्वनिमुद्रणात शब्द अडखळल्यासारखे वाटतात ते बहुधा इथे. तेवढं सांभाळलं तरी पुष्कळ झालं.

यात उत्स्फूर्त काही असतं की सगळं लिहिलेलं?

दोन्ही. सहा आवाजांच्या फँटेझियात भर घालायला जागाच नसते. तिथे अलंकार म्हणजे लुडबुड. पण ‘डिव्हिजन’ नावाचा एक प्रकार आहे. बासची छोटी ओळ पुन्हा पुन्हा वाजत राहते आणि व्हायोलवाला तिच्यावर एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ सूर करत चढत जातो. क्रिस्टोफर सिम्प्सनने १६५९ मध्ये यावर आख्खं पुस्तक लिहिलं, उदाहरणांसकट, आणि ते आजही शिकायला उत्तम आहे. लेहऱ्यावर वाढत जाणारा तबला ऐकून मोठा झालेला माणूस इथे पहिल्या दिवसापासून रमतो. फक्त एक ध्यानात ठेवा: इथे चक्राबरोबर स्वरसंगतीही बदलत असते, त्यामुळे प्रत्येक मात्रेला कुठले सूर चालतील ते आधी हातात बसवावं लागतं.

आधुनिक चेलो आणि गिटारवर वाजवलं तर चूक का?

चूक कसली. डाउलंडनेच १६०४ च्या आपल्या ‘लॅक्रिमे’ संग्रहावर छापलं आहे की हे ल्यूट आणि व्हायोल किंवा व्हायोलिनसाठी आहे. त्याला विकायचं होतं आणि लोकांकडे जे वाद्य असेल ते चालणार होतं. ‘अस्सल’ या शब्दाचा धाक घेऊन बसलेली मंडळी बहुधा वाजवत कमी असतात. तरीही एकदा तातीवर आणि हलक्या गजाने वाजवून बघा. चेलोवर ज्या जागा जड वाटत होत्या त्या तिथे सहज निघतात, आणि मग कळतं की अडचण तुमच्या हातात नव्हती.

इतकं चांगलं होतं तर व्हायोल मागे का पडलं?

एका राजाच्या आवडीचा त्यात मोठा वाटा आहे. दुसरा चार्ल्स फ्रान्समधल्या वनवासातून परतला तो नाचऱ्या, ठेका धरता येणाऱ्या संगीताची गोडी घेऊन. त्याने फ्रेंच धर्तीवर चोवीस व्हायोलिनांचा ताफा उभारला. फँटेझियांचा त्याला मनापासून तिटकारा होता, असं त्या काळचा संगीतलेखक रॉजर नॉर्थ लिहितो. हाच तो राजा, ज्याला पोर्तुगालच्या कॅथरिनशी लग्न करताना मुंबई आंदण मिळाली आणि ज्याने ती १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. मुंबईबद्दलचं त्याचं मत आणि व्हायोलबद्दलचं मत साधारण सारखंच म्हणायचं.

शिवाय संगीत घरातून बाहेर पडत होतं. जॉन बॅनिस्टरने १६७२ मध्ये लंडनला पैसे घेऊन जाहीर मैफली सुरू केल्या. १६७८ पासून थॉमस ब्रिटन हा कोळसेवाला आपल्या वखारीच्या माळ्यावर मैफली भरवू लागला, आणि तिथे उमराव शिडीसारखा जिना चढून येत. भरलेल्या खोलीत व्हायोलिन ऐकू जातं, व्हायोल जात नाही. १६८० च्या उन्हाळ्यात वीस वर्षांच्या पर्सेलने एकामागून एक फँटेझिया लिहिल्या तेव्हा हा प्रकार जवळजवळ संपला होता. तीन वर्षांनी त्याने इटालियन वळणाच्या व्हायोलिन सोनाटा छापल्या. फँटेझिया त्याच्या हयातीत छापल्या गेल्याच नाहीत.

पुन्हा सुरुवात केली ती मुख्यतः आर्नल्ड डोलमेचने, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. त्याने जुनी हस्तलिखितं शोधली, वाद्यं दुरुस्त केली, नवी बनवली आणि १९२५ मध्ये हॅझलमिअरला महोत्सव सुरू केला. पुढे ब्रिटनमध्ये व्हायोलवाल्यांची संस्था १९४८ मध्ये आणि ल्यूटवाल्यांची १९५६ मध्ये निघाली. आज ऐकायचं असेल तर फ्रेटवर्क आणि फँटॅझम हे व्हायोलवाल्यांचे गट आणि गाण्यांसाठी गायिका एमा कर्कबी यांच्यापासून सुरुवात करा.

हे संगीत त्या काळी हिंदुस्थानात कधी पोहोचलं होतं का?

पोहोचलं होतं, आणि गोष्ट मजेदार आहे. १६१२ मध्ये थॉमस बेस्टची जहाजं सुरतेला आली. पुढच्या वर्षी पॉल कॅनिंग भेटवस्तू घेऊन आग्र्याला जहांगीरकडे गेला, आणि सोबत दोन वादक होते: एक व्हर्जिनलवाला आणि एक कॉर्नेट फुंकणारा रॉबर्ट ट्रली. व्हर्जिनलकडे बादशहाने ढुंकून पाहिलं नाही. कॉर्नेट मात्र त्याला फार आवडलं. त्यातला ट्रली पुढे दख्खनच्या सुलतानाकडे गेला आणि तिथे मुसलमान झाला, असं निकोलस विदिंग्टन या कंपनीच्या माणसाने लिहून ठेवलं आहे. तंबोऱ्याच्या देशात व्हर्जिनलची टिकटिक कुणाला रुचणार होती?

मला चेलो येतो. व्हायोल कुठून आणू?

आधी आणू नका. आधी बरोबर वाजवणारे दोन जण शोधा. एकट्याने वाजवायचं व्हायोलचं संगीतही आहे. टोबायस ह्यूम या सैनिकाने १६०५ मध्ये त्याचं पुस्तक काढलं, आणि त्यात एका जागी गजाच्या लाकडाने तारांवर ठोकायलाही सांगितलं आहे. पण खरी मजा तिघांपासून पुढे.

परदेशातल्या सोसायट्या सभासदांना वाद्यं भाड्याने देतात. ब्रिटन-अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी हाच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग. भारतात असाल तर सध्याच्या चेलोवर तातीच्या तारा चढवा, गज मुठीपासून थोडा पुढे धरा आणि संगीत शिकायला लागा. वाद्य नंतर येईल. मागवाल तेव्हा दमट हवेची कल्पना कारागिराला आधीच द्या.

अगदी नवख्याने कुठल्या रचनेपासून सुरुवात करावी?

तिघे असाल तर गिबन्सच्या तीन आवाजांच्या फँटेझिया. गायक असेल तर डाउलंडचं एखादं संथ गाणं. चपळ गाणी सोपी दिसतात आणि फसवतात.

आणि पाचांत एक जण कालच व्हायोल हातात घेतलेला असेल तर पर्सेलची ‘एका सुरावरची’ फँटेझिया काढा. तिच्यात एका वादकाने पहिल्यापासून शेवटपर्यंत फक्त मधला सी धरून ठेवायचा आहे. बाकी चौघे त्याच्याभोवती काय वाटेल ते करतात, लय बदलतात, स्वरसंगती कुठच्या कुठे नेतात. नवख्याला तिथे बसवा. गज सरळ आणि अखंड ठेवायचा सराव होईल आणि बाकीचे कुठे चुकतात ते सगळ्यात आधी त्यालाच ऐकू येईल.